हृदयाचे हस्ताक्षर

माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे सत्तर ते ऐंशी वेळा आणि दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. आपण झोपलो तरी ते झोपत नाही. छातीवर हात ठेवला की त्याचे ठोके जाणवतात, नाडीवर बोट ठेवले की त्याची लय कळते. परंतु प्रत्येक ठोक्याबरोबर हृदयाच्या स्नायूत अत्यंत सूक्ष्म अशी विद्युत् निर्माण होते आणि ती सर्व शरीरभर पसरते, हे मात्र कोणालाही हाताने जाणवत नाही वा डोळ्यांनी दिसत नाही. मुंबईतील एखाद्या मोठ्या रुग्णालयात असो, की उल्हासनगर-अंबरनाथसारख्या कामगारवस्तीच्या शहरातील लहानशा दवाखान्यात असो, छातीत दुखते म्हणून आलेल्या रोग्याला डॉक्टर प्रथम निजवतात, त्याच्या हातापायांना व छातीला तारा जोडतात आणि थोड्याच वेळात एका कागदी पट्टीवर एक उंचसखल रेघ उमटते. या रेघेलाच आपण कार्डिओग्राम म्हणतो. ती काढताना शरीराला कोठे कापावे लागत नाही, सुईही टोचावी लागत नाही. हृदयाने स्वतःच लिहिलेले जणू ते हस्ताक्षरच होय. हे हस्ताक्षर अचूकपणे उतरवून घेण्याची आणि ते वाचण्याची विद्या ज्या थोर शास्त्रज्ञाने जगाला दिली, त्याचे नाव विलेम आइंटहोव्हेन.

विलेम यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटावरील सेमारांग या शहरी झाला. आज इंडोनेशियात असलेले हे बेट त्या काळी डच लोकांच्या सत्तेखाली होते. विलेमचे वडील तेथे वैद्यकीचा व्यवसाय करीत असत. घरात सहा भावंडे होती. विलेम जेमतेम सहा वर्षांचा झाला असेल नसेल, तोच वडिलांचे छत्र हरपले. सहा मुलांचा सांभाळ एकट्या आईवर येऊन पडला. तिने धीर सोडला नाही. पुढे चार वर्षांनी, १८७० साली, ती सर्व मुलांना घेऊन हजारो मैलांचा समुद्रप्रवास करून आपल्या मूळ देशी, हॉलंडला परतली आणि उट्रेक्ट या शहरी तिने बिऱ्हाड केले. जावाच्या उष्ण, हिरव्यागार भूमीत वाढलेला हा मुलगा आता युरोपच्या थंडीत शाळेत जाऊ लागला.

आपणही वडिलांप्रमाणे वैद्य व्हावे आणि पुन्हा जावाकडे जाऊन तेथील लोकांची सेवा करावी, असे विलेम यांच्या मनात होते. त्यासाठी १८७८ साली त्यांनी उट्रेक्टच्या विद्यापीठात प्रवेश घेतला. अभ्यासात ते हुशार होतेच. पण केवळ पुस्तकात डोके खुपसून बसणारे विद्यार्थी ते नव्हते. व्यायाम, तलवारीचे हात आणि नौकानयन यांची त्यांना मनापासून आवड होती. विद्यार्थ्यांचे नौकानयन मंडळ स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. एकदा पडून त्यांचे मनगट मोडले. हात बांधून घरात बसण्याची पाळी आली. दुसरा एखादा तरुण अशा वेळी कंटाळून गेला असता. विलेम मात्र आपल्याच हाताकडे अभ्यासकाच्या दृष्टीने पाहू लागले. तळहात वर करताना व खाली करताना कोपरात आणि खांद्यात नेमके काय घडते, कोणते हाड कशावर फिरते, याचा त्यांनी बारकाईने विचार केला आणि कोपराच्या सांध्याच्या हालचालीवर एक निबंध लिहिला. संकटाने हात बांधला, पण जिज्ञासेला बंधन पडले नाही.

त्यांचे गुरू दोंडर्स हे डोळ्यांच्या शास्त्रातील मोठे पंडित होते. त्यांच्या हाताखाली विलेम यांनी एका चमत्कारिक गोष्टीचा शोध घेतला. काळ्या पृष्ठभागावर शेजारी शेजारी तांबडी आणि निळी अक्षरे काढली, तर ती एकाच पातळीवर असूनही पुष्कळांना एक रंग जवळ आणि दुसरा दूर असल्यासारखा दिसतो. असे का होते, याचे विवेचन करून त्यांनी १८८५ साली डॉक्टर ही पदवी मिळवली. त्याच सुमारास लायडेन विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली आणि त्या पदासाठी या अवघ्या पंचवीस वर्षांच्या तरुणाची निवड झाली. जावाकडे परतण्याचा विचार मागे पडला. १८८६ च्या प्रारंभी त्यांनी लायडेन येथे अध्यापनाला सुरुवात केली आणि पुढची एक्केचाळीस वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्यांनी ते स्थान सोडले नाही.

आइंटहोव्हेन यांच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे. सजीवाच्या शरीरात विद्युत् असते, ही कल्पना त्यांच्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे विद्वानांच्या चर्चेचा विषय झाली होती. इटलीतील बोलोन्या शहरी लुइजी गॅल्व्हानी नावाचे वैद्य राहत असत. मेलेल्या बेडकाच्या तंगडीतील मज्जातंतूला विजेचा स्पर्श झाला की तंगडी झटका देते, हे त्यांनी पाहिले आणि १७९१ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मज्जातंतू आणि स्नायू यांचे काम विजेच्या साहाय्याने चालते, असा विचार तेव्हापासून पुढे आला. परंतु विचार सुचणे ही एक गोष्ट आणि तो मोजून सिद्ध करणे ही दुसरी. शरीरातील विद्युत् इतकी क्षीण असते, की ती दाखवील असे साधनच कोणाजवळ नव्हते. जर्मनीतील दु ब्वा-रेमों या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तारेचे हजारो वेढे हाताने गुंडाळून एक यंत्र सिद्ध केले आणि स्नायू व मज्जातंतू काम करू लागले की त्यांतील विद्युत् बदलते, हे प्रत्यक्ष दाखवून दिले. पुढे १८५६ साली कोलिकर आणि म्युलर या दोघांनी बेडकाच्या धडधडत्या हृदयातही प्रत्येक ठोक्याला विद्युत् उत्पन्न होते, हे सिद्ध केले.

मात्र हे सर्व प्रयोग प्राण्यांचे शरीर उघडून करावे लागत. जिवंत माणसाचे हृदय उघडणार कसे? या प्रश्नाचे उत्तर लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली दिले. मनुष्याचे शरीर हे क्षारयुक्त पाण्याने भरलेले असते आणि असे पाणी विजेचे वहन करते. तेव्हा हृदयातील विद्युत् हातापायांच्या कातडीपर्यंत पोहोचत असली पाहिजे, असे त्यांनी ओळखले आणि माणसाच्या अंगाला तारा जोडून ती टिपली. वॉलर यांचा जिमी नावाचा एक कुत्रा होता. मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय ठेवून तो शांतपणे उभा राही आणि त्याच्या हृदयाची विद्युत् विद्वानांच्या सभेत सर्वांना दाखवली जाई. १८८९ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे शरीरशास्त्रज्ञांची परिषद भरली, तेव्हा वॉलर यांनी केलेले प्रात्यक्षिक पाहणाऱ्यांत तरुण आइंटहोव्हेनही होते.

वॉलर यांनी दार उघडले होते खरे, पण आतील प्रकाश अंधूकच होता. ते जे साधन वापरत, त्यात केसासारखी बारीक पोकळी असलेली एक काचेची नळी असे. तिच्यात पारा आणि त्यावर सौम्य आम्ल असे. विद्युत् आली की पाऱ्याचे टोक किंचित वर-खाली होई आणि त्याची सावली सरकत्या छायाचित्र-काचेवर पाडून घेत. परंतु पारा हा जड धातू. हृदयातील विद्युत् सेकंदाच्या शंभराव्या भागातही बदलते. तिच्या वेगाने पारा धावणार कसा? घाईत बोलणाऱ्या माणसाचे भाषण एखाद्या हळू लिहिणाऱ्याने उतरवून घ्यावे आणि त्यात निम्मे शब्द गळून जावेत, तसे त्या आलेखाचे होत असे. उंच शिखरे बुटकी होत, तीक्ष्ण टोके बोथट होत. त्यात भर म्हणजे बाहेरचे धक्के. लायडेनच्या प्रयोगशाळेजवळून दगडी रस्त्यावर घोडागाड्या खडखडत जात, आणि त्या हादऱ्यानेही पारा थरथरे. हादरे थांबावेत म्हणून आइंटहोव्हेन यांनी जमीन खोल खणून दगड भरण्याचा खटाटोप केला, असे सांगतात. पण त्याचाही फारसा उपयोग झाला नाही.

तेव्हा त्यांनी गणिताचा आश्रय घेतला. पारा किती मंद आहे, हे त्यांनी प्रथम नीट मोजून काढले. मग त्या मंदपणामुळे आलेखात किती चूक येत असेल, याचा हिशेब त्यांनी केला आणि खरा आलेख कसा असावा, हे कागदावर काढले. १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या या आलेखात पाच लहरी होत्या. पाऱ्याने काढलेल्या मूळ आलेखातील लहरींना त्यांनी ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली होती; तेव्हा दुरुस्त केलेल्या लहरींना त्यांनी पी, क्यू, आर, एस, टी अशी निराळी अक्षरे दिली, म्हणजे दोहोंचा घोटाळा होणार नाही. आज जगातील प्रत्येक डॉक्टर कार्डिओग्राम वाचताना हीच पाच अक्षरे उच्चारतो.

परंतु आइंटहोव्हेन यांचे समाधान झाले नाही. एकेका ठोक्यासाठी दिवसभर आकडेमोड करावी लागली, तर रोग्याला त्याचा काय लाभ? शिवाय हिशेबाने काढलेली रेघ ही कितीही बरोबर असली, तरी ती हृदयाने स्वतः काढलेली नव्हे. असा दोष दूर करण्यासाठी हिशेब सुधारण्यापेक्षा साधनच बदलले पाहिजे, असा निश्चय त्यांनी केला. ते स्वतः वैद्यकाचे पदवीधर होते, पदार्थविज्ञानाचे नव्हते. तरी त्यांनी पदार्थविज्ञान आणि गणित यांचा नव्याने कसून अभ्यास आरंभला. जड वस्तू मंद हलते, हलकी वस्तू चपळ हलते. तेव्हा जितकी हलकी वस्तू सापडेल तितकी विजेच्या पावलाशी पाऊल जुळवून ती धावेल, हा साधा नियम त्यांनी मनाशी धरला.

अशी वस्तू म्हणून त्यांनी एक तंतू निवडला. हा तंतू सुताचा नव्हे, धातूचाही नव्हे. गारगोटीच्या जातीचे जे क्वार्ट्झ नावाचे खनिज आहे, ते प्रखर ज्योतीत वितळवावयाचे, त्याचा एक भाग बाणाला चिकटवावयाचा आणि धनुष्याने तो बाण सोडावयाचा! बाण वेगाने जाताना वितळलेल्या खनिजाचा अतिशय बारीक धागा मागे ओढला जातो. इंग्रज शास्त्रज्ञ बॉइस यांनी शोधलेली ही युक्ती आइंटहोव्हेन यांनी उपयोगात आणली. हा धागा माणसाच्या केसाहून वीस पटींहूनही अधिक बारीक होता. त्यातून विद्युत् वाहावी म्हणून त्यावर चांदीचा पातळ मुलामा चढवला. मग एका प्रचंड विद्युच्चुंबकाच्या दोन टोकांमध्ये, तंबोऱ्याची तार ताणावी तसा तो ताणून बसवला.

या यंत्राचे काम कसे चालते, हे समजण्यास कठीण नाही. चुंबकाच्या क्षेत्रात असलेल्या तारेतून विद्युत् वाहू लागली, की ती तार एका बाजूस सरकते. विद्युत् उलट दिशेने वाहिली की ती उलट बाजूस सरकते. रोग्याच्या हृदयातील विद्युत् तंतूतून गेली, की तोही असाच हलतो. ही हालचाल इतकी लहान असते, की डोळ्यांना दिसत नाही. म्हणून चुंबकाला आरपार भोक पाडून त्यातून प्रखर प्रकाश सोडला जाई आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांनी तंतूची सावली शेकडो पट मोठी केली जाई. ती सावली एकसारख्या वेगाने सरकणाऱ्या छायाचित्र-काचेवर पडे आणि तंतू जसजसा हले, तसतशी तेथे रेघ उमटे. या यंत्राला तंतू-गॅल्व्हॅनोमीटर असे नाव मिळाले. गॅल्व्हानी यांचे नाव अशा रीतीने त्यातही गुंफलेले राहिले.

१९०१ साली आइंटहोव्हेन यांनी या यंत्राचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले आणि १९०३ साली त्याने काढलेले माणसाच्या हृदयाचे आलेख विद्वानांपुढे ठेवले. या आलेखांतील सर्वांत आनंदाची गोष्ट अशी, की आठ वर्षांपूर्वी जी रेघ त्यांनी केवळ गणिताने काढली होती, तीच आता यंत्राने आपोआप काढून दाखवली. तीच पाच शिखरे आणि दऱ्या, तोच क्रम. गणिताची साक्ष तंतूने दिली आणि तंतूची साक्ष गणिताने दिली. काच सेकंदाला २५ मिलिमीटर सरकावी आणि एक मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा हजारावा भाग एवढ्या विजेसाठी रेघ १० मिलिमीटर उंच जावी, असे प्रमाण त्यांनी ठरवले. आजही साधारणतः याच प्रमाणात कार्डिओग्राम काढतात. त्यामुळे लायडेनमध्ये काढलेला आलेख लंडनचा डॉक्टर वाचू शकतो आणि मुंबईत काढलेला टोकियोचा.

त्या पाच लहरी काय सांगतात? हृदयाचे चार कप्पे असतात; वरचे दोन लहान व खालचे दोन मोठे. ठोका सुरू करणारी विजेची लाट प्रथम वरच्या कप्प्यांतून पसरते. तेव्हा पी ही लहानशी लहर उमटते. मग ती लाट क्षणभर थबकते, म्हणून वरच्या कप्प्यांतील रक्त खाली उतरण्यास अवधी मिळतो. त्यानंतर ती खालच्या बलवान कप्प्यांत वेगाने पसरते. तेव्हा क्यू, आर, एस ही उंच, टोकदार शिखरे उमटतात. शेवटी स्नायू पुढील ठोक्यासाठी पूर्वस्थितीवर येतो, तेव्हा टी ही संथ लहर दिसते. हृदयाच्या एखाद्या भागाला रक्त मिळेनासे झाले, वरच्या कप्प्यांकडून येणारा निरोप वाटेतच अडला किंवा ठोके अनियमित पडू लागले, तर या लहरींचे रूप व क्रम बदलतो. जाणत्या डॉक्टरला त्यावरून हृदयात कोठे व काय बिघडले, याचा माग लागतो.

आज ही सोपी वाटणारी गोष्ट त्या काळी केवढ्या खटाटोपाची होती! ते पहिले यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते. त्याने दोन खोल्या व्यापल्या होत्या. ते चालवण्यास पाच माणसे लागत. विद्युच्चुंबक तापत असे, म्हणून तो पाण्याने सतत थंड ठेवावा लागे. ज्याचा आलेख काढावयाचा, त्याला खुर्चीवर बसवून त्याचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत बुडवावे लागत. अशा यंत्राला रुग्णालयात नेणे अशक्य होते. आणि खाटेवर पडलेल्या रोग्याला प्रयोगशाळेत आणणेही तितकेच अशक्य होते. दोहोंमध्ये दीड किलोमीटरचे अंतर होते. यंत्र जाऊ शकत नाही आणि रोगीही येऊ शकत नाही. मग केवळ विद्युत् आणली तर? आइंटहोव्हेन यांनी रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत दूरध्वनीच्या तारा जोडल्या आणि १९०५ साली रुग्णालयातील माणसाच्या हृदयाचा आलेख दीड किलोमीटरवर आपल्या प्रयोगशाळेत काढला. आज दूरच्या खेड्यातील रोग्याचा कार्डिओग्राम शहरातील तज्ज्ञ आपल्या टेबलाशी बसून पाहतात. त्या पद्धतीचा श्रीगणेशा लायडेनच्या त्या तारांनी केला होता.

उजवा हात, डावा हात आणि डावा पाय ही तीन ठिकाणे आइंटहोव्हेन यांनी विचारपूर्वक निवडली. या तिहींना रेषांनी जोडले, की एक त्रिकोण होतो आणि हृदय जणू त्याच्या मध्यावर असते. त्रिकोणाच्या तीन बाजूंनी एकाच हृदयाकडे पाहिले, की विजेची लाट कोणत्या दिशेने चालली आहे, हे कळते. एखादे देऊळ समोरून, डावीकडून व उजवीकडून पाहिल्यावर त्याचा आकार मनात भरतो, तसेच हे होय. एवढेच नव्हे, तर ठरलेल्या रीतीने तारा जोडल्या असता पहिल्या व तिसऱ्या बाजूने मिळालेल्या विजेची बेरीज दुसऱ्या बाजूने मिळालेल्या विजेइतकी होते, असा नियमही त्यांनी दाखवून दिला. ही बेरीज जमली नाही, तर मोजण्यात कोठेतरी चूक झाली आहे, असे समजावे. हा त्रिकोण आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

हृदय हा जसा स्नायू आहे, तसे शरीरात इतर शेकडो स्नायू आणि असंख्य मज्जातंतू आहेत. आइंटहोव्हेन यांनी आपल्या तंतूच्या साहाय्याने फुप्फुसाकडून व हृदयाकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूतील विद्युत् टिपली. डोळ्यावर प्रकाश पडला असता त्यात उत्पन्न होणारी विद्युत्ही मोजली. जर्मनीत पायपर या शास्त्रज्ञाने याच यंत्राने माणसाच्या हाताच्या स्नायूंचे आलेख काढले. पुढे १९२४ साली हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विद्युत् प्रथम टिपली, तेव्हा त्यांच्या आरंभीच्या प्रयोगांतही असेच तंतूचे यंत्र होते. अर्धांगवायू, अपस्मार, स्नायूंची दुर्बलता अशा विकारांत आज मेंदूचे, मज्जातंतूंचे व स्नायूंचे विद्युत्-आलेख काढून निदानास मदत घेतली जाते. एका नाजूक धाग्याने शरीरातील किती गुप्त कोपऱ्यांचे दरवाजे उघडले!

प्रत्येक नव्या साधनाला आरंभी शंकेखोर भेटतातच. हृदयाची विद्युत् प्रथम टिपणाऱ्या वॉलर यांनासुद्धा रुग्णालयांत या विद्येचा फारसा उपयोग होईल, असे वाटत नव्हते. परंतु लंडनच्या टॉमस लुइस या तरुण डॉक्टरने यंत्राचे मोल ओळखले. हृदयाचे ठोके अनियमित का होतात, या कोड्यावर त्याने वर्षानुवर्षे काम केले आणि रोग्याच्या खाटेशी या आलेखाचा उपयोग कसा होतो, हे सिद्ध केले. इंग्लंडमधील केंब्रिज येथे होरेस डार्विन यांच्या कारखान्यात ही यंत्रे तयार होऊ लागली आणि हळूहळू त्यांचा आकार कमी होऊन ती मेजावर मावू लागली. आइंटहोव्हेन आणि लुइस यांच्यात पत्रव्यवहार होत असे. एकाने यंत्र दिले, दुसऱ्याने त्याला रुग्णसेवेची वाट दाखवली. आपल्यापेक्षा वीस वर्षांहून अधिक लहान असलेल्या या सहकाऱ्याचे श्रेय आइंटहोव्हेन यांनी कधीही लपवून ठेवले नाही.

१९२४ साली आइंटहोव्हेन अमेरिकेत व्याख्याने देत फिरत होते. तेथेच त्यांना आपल्याला वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाल्याची वार्ता कळली. जगातील सर्वांत मोठा मान त्यांच्याकडे चालत आला होता. परंतु एवढ्या मानाच्या क्षणीही या कामातील इतरांचा वाटा ते विसरले नाहीत. पुढे स्वीडनमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी लुइस यांच्या कार्याचा मोठ्या गौरवाने उल्लेख केला. याच पारितोषिकासंबंधी एक गोष्ट सांगतात. यंत्र घडवण्याच्या कामी त्यांना पुष्कळ वर्षे साहाय्य करणारा एक कारागीर होता. पारितोषिकाचे द्रव्य मिळाल्यावर त्यात त्याचाही वाटा आहे, असे आइंटहोव्हेन यांना वाटले आणि त्यांनी त्याचा शोध सुरू केला. तेव्हा तो कारागीर निवर्तला असल्याचे कळले. त्याच्या दोन बहिणी मागे राहिल्या होत्या आणि त्या गरिबीत दिवस काढीत होत्या. आइंटहोव्हेन यांनी त्यांना शोधून काढले आणि पारितोषिकाच्या रकमेपैकी अर्धी रक्कम त्यांच्या स्वाधीन केली. ज्याचे नाव पारितोषिकावर कोरलेले नव्हते, त्याच्या श्रमाचे ऋण त्यांनी असे फेडले.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांतही त्यांची जिज्ञासा मंदावली नाही. त्यांचा मुलगा विद्युत्-अभियंता झाला होता. पितापुत्रांनी मिळून तंतू आणखी बारीक केला आणि हवा काढून घेतलेल्या पोकळीत तो बसवला. हृदयाचे ठोके टिपण्यासाठी निर्माण झालेला हा तंतू, जावा बेटावरून बिनतारी यंत्राने पाठवलेले संदेश हॉलंडमध्ये टिपण्याच्या कामीही उपयोगी पडला. ज्या बेटावर या शास्त्रज्ञाने पहिला श्वास घेतला होता, तेथूनच हे संदेश येत होते. पुढे दीर्घ आजाराने त्यांची प्रकृती खालावत गेली आणि २९ सप्टेंबर १९२७ रोजी लायडेन येथे, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांची जीवनज्योत मालवली.

आज तंतू-गॅल्व्हॅनोमीटर संग्रहालयांत जाऊन बसला आहे. २७० किलोंच्या त्या यंत्राचे काम आता हातात मावणारी उपकरणे करतात. काही मनगटी घड्याळेसुद्धा हृदयाची रेघ काढून दाखवतात. यंत्रे बदलली, पण रेघ बदलली नाही आणि तिची पाच अक्षरेही बदलली नाहीत. आइंटहोव्हेन यांनी विद्युत् निर्माण केली नाही, ती हृदयात होतीच. तिच्यात स्वतःच्या कल्पनेची भर न घालता, साधनाचा दोष तिच्यावर न लादता, ती जशी आहे तशीच उतरवून घेण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. साधन अपुरे पडले तेव्हा त्यांनी गणित केले, गणितानेही समाधान झाले नाही तेव्हा नवे साधन घडवले, आणि यश मिळाले तेव्हा ते सर्वांबरोबर वाटून घेतले. सत्य कितीही सूक्ष्म असले तरी ते प्रामाणिकपणे मोजण्याचा त्यांचा हा ध्यास आज असंख्य रोग्यांना जीवनदान देत आहे.